अकरा ओव्या सुटल्या, म्हणून तेवीसशे पुसायच्या का?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. सरकारी लेखा विभागातून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. या वर्षीच्या आषाढी एकादशीपासून ज्ञानेश्वरी स्वहस्ते उतरवून काढण्याचा नेम धरला. रोज २५ ओव्या लिहिल्या तर पुढच्या आषाढीला ग्रंथ पूर्ण होतो, असा हिशेब करून मी पहाटे पाच ते सहा सोप्यावर बसून लिहीत असे. आठ अध्याय, म्हणजे सुमारे तेवीसशे ओव्या, झाल्या. नववा सुरू करण्यापूर्वी मागची पाने छापील प्रतीशी ताडून पाहिली, तेव्हा चौथ्या अध्यायात अकरा ओव्या सुटल्याचे दिसले. गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांचे म्हणणे असे की नेम खंडित झाला, पहिल्या ओवीपासून पुन्हा आरंभ करावा. मुलगा म्हणतो की घरात छापील ग्रंथ आहे, मोबाईलवरही आहे, मग हा खटाटोप कशासाठी? खरे सांगायचे तर कित्येकदा पान संपते आणि काय लिहिले ते मला आठवत नाही. नुसता हात चालतो. अंगठाही दुखू लागला आहे. पत्नीची तक्रार निराळी आहे. ती म्हणते, लिहिताना हाक मारली की तुम्ही वसकन अंगावर येता. तीन आठवडे झाले, वही बंद आहे. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपण शेवटी एकच प्रश्न विचारला असला तरी पत्रात प्रश्न चार-पाच आहेत, आणि त्यांतला जो आपल्याला सर्वांत मोठा वाटतो, तो मला सर्वांत लहान वाटतो. म्हणून तो आधी हातावेगळा करतो. पहिल्यापासून पुन्हा लिहू नका. सुटलेल्या अकरा ओव्या चौथ्या अध्यायाच्या त्याच पानावर, समासात, बारीक अक्षरात लिहा. ज्या जागी त्या यायला हव्या होत्या तिथे खूण करा. आणि नवव्या अध्यायाला लागा.

हे मी आपली समजूत घालण्यासाठी सांगत नाही. पोथ्या लिहिणाऱ्यांची रीतच ती होती. जुने हस्तलिखित उघडले तर ओळीच्या मध्येच कावळ्याच्या पायासारखी एक खूण दिसते, तिला काकपद म्हणतात. आणि त्या खुणेच्या अनुरोधाने समासात पाहिले की सुटलेला शब्द किंवा सुटलेली संपूर्ण ओळ तिथे लिहिलेली सापडते. चुकून जास्त लिहिले गेलेले अक्षर झाकायचे असेल तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत असत. एखाद्या गोष्टीवर "हरताळ फासणे" हा आपला रोजचा वाक्प्रचार त्या लेपातूनच आला आहे. म्हणजे लिहिताना चुका होणार हे इतके गृहीत होते, की त्या दुरुस्त करण्याच्या साधनाने भाषेत कायमचे घर केले. चूक निघाली म्हणून पोथी टाकून देण्याची चैन ज्यांनी बोरू घासून घासून ती लिहिली त्यांना परवडणारी नव्हती, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही.

गावातील त्या गृहस्थांविषयी मला अनादर नाही. पारायणाला दिवसांची मर्यादा असते, क्रम असतो, आणि तो मोडला तर पुन्हा आरंभ करण्याची प्रथा काही घरांत पाळतात. तो पारायणाचा नियम त्यांनी लेखनाला लावला असावा. आपण आरंभी विधिपूर्वक संकल्प सोडला असेल तर त्यापुरते आपल्या पुरोहितांना विचारावे, मी शास्त्री नव्हे. पण ग्रंथलेखनाला त्याचा स्वतःचा शिष्टाचार आहे आणि त्यात समासाला फार मोठे स्थान आहे.

ज्ञानेश्वरीचाच इतिहास पाहा. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानदेवांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, "सच्चिदानंदबाबा आदरें। लेखकु जाहला" अशी नोंद ग्रंथाच्या शेवटी आहेच, आपल्या हातून ती ओवी यथावकाश उतरेल. त्यानंतर प्रतीवरून प्रत होत गेली, आणि २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांना त्या सगळ्या प्रतींतून पाठ शोधत बसावे लागले. "ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध" असे ते स्वतः सांगतात. मधल्या तीनशे वर्षांतील नकलकारांचे डोळे आपल्या डोळ्यांसारखेच घसरले नसते, तर नाथांना हे काम पडलेच नसते. नाथांनी कडक शब्द वापरले आहेत खरे, पण ते कोणासाठी? "ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली." अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणारा तो, जो आपली ओवी मध्ये घुसडतो. आपण काही घुसडलेले नाही. आपण अकरा घास वाढायचे विसरलात, आणि ते अजूनही वाढता येतात.

ओव्या सुटतात कशा, हेही समजून घ्या, म्हणजे पुढे सावध राहता येईल. ज्ञानदेव एकेका विचारासाठी उपमांची रांग लावतात. "जैसें", "कां", "ना तरी", "म्हणौनि", "तैसें" यांनी सुरू होणाऱ्या ओव्या एकाखाली एक येतात. आपण एक "कां" लिहून वहीकडे वळता, परत ग्रंथाकडे पाहता, तेव्हा डोळा सहा ओळी खालच्या दुसऱ्या "कां"वर जाऊन बसतो आणि मधले सगळे गळते. यावर उपाय साधा आहे. छापील पानावर पट्टी किंवा जाड कागदाची चिठ्ठी ठेवून ती ओवीगणिक खाली सरकवावी, आणि ओवीचा क्रमांक वहीत न चुकता घालावा. दुसरे असे की ताडताना प्रत तीच हवी, जिच्यावरून लिहिले. साखरे प्रत, राजवाडे प्रत अशा निरनिराळ्या प्रतींत ओव्यांची संख्या आणि पाठ जसेच्या तसे जुळत नाहीत. एका प्रतीवरून लिहून दुसरीशी ताडले तर नसलेली चूकही दिसते. अकरातील एखाद-दुसरी तशी निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता चिरंजीवांचा प्रश्न. तो उद्धटपणाचा नाही, नेमका आहे, आणि गोव्यात बसून त्याचे उत्तर देताना मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतातील पहिला छापखाना आपल्याकडे आला, १५५६ मध्ये. जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तचरित्र सांगणारे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? भाविक घराण्यांनी हाताने नकलून ठेवलेल्या वह्यांतून. १९०७ मध्ये मंगळुरात जी आवृत्ती निघाली ती अशाच हस्तलिखित प्रतींवरून सिद्ध केलेली आहे. ज्या भूमीत छपाई सर्वांत आधी आली तिथे छापलेले नष्ट झाले आणि हाताने लिहिलेले उरले. याची दुसरी, अधिक चमत्कारिक बाजू अशी की रामायण-महाभारतातील कथांच्या आपल्याकडच्या काही जुन्या संहिता आज पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीत आहेत, आणि त्या नकलून घेतल्या जेझुइट पाद्र्यांनी, ज्यांची त्या कथांवर श्रद्धा असण्याचे काहीच कारण नव्हते. नक्कल कोणाच्या हातून आणि कोणत्या हेतूने होते याची संहितेला पर्वा नसते.

तरीही या दाखल्यांचा आधार घेऊन चिरंजीवांना गप्प करू नका, कारण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. आपली वही नसली तरी ज्ञानेश्वरी राहील. तिला आज आपल्या हाताची गरज नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की आपल्या हाताला तिची गरज आहे का.

मला वाटते, आहे, आणि त्याचे कारण गूढ नाही. डोळा ओवी एका झपाट्यात पार करतो. हाताला ती पार करायला दोन-अडीच मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ आपल्याला त्या शब्दांच्या शेजारी बसावेच लागते. एरवी अर्थ लागो न लागो पुढे सरकणारे मन "लेखकु", "बोलु" अशा उकारांत शब्दांपाशी लिहिताना अडते, आणि मग आठवते की मंगळूरकडच्या नातलगांच्या कोंकणीत "देवु", "हातु" असेच ऐकले आहे. ज्ञानेश्वरीत जागोजागी "उदक" येते. पुण्याच्या वाचकाला त्या शब्दाने संध्येची पळी आठवत असेल, आपल्याकडे ते अजून तांब्यात असते आणि रोज प्यायले जाते. घरात कोंकणी बोलणारा आणि देवापुढे मराठी पोथी वाचणारा जो आपला गोमंतकीय माणूस, त्याला सातशे वर्षांपूर्वीचे हे मराठी काही ठिकाणी महाराष्ट्रातील वाचकापेक्षा जवळचे वाटते, आणि हे जवळपण लिहिताना जितके कळते तितके वाचताना कळत नाही. माझ्या आजोबांची भजनाची वही होती. तिच्यातले अभंग त्यांना सगळे पाठ होते, तरी दर दोन-चार वर्षांनी वही जुनी झाली की ते ती नव्या वहीत पुन्हा उतरवीत. पाठ आहे तर लिहायचे कशाला, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, पाठ झाले की तोंड पुढे पळते.

आपलेही तेच झाले आहे, फक्त तोंडाऐवजी हात पळतो आहे. इथे मला आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सापडते, आणि ते आपण प्रश्न म्हणून लिहिलेलेच नाही: रोज २५ ओव्या, म्हणजे पुढच्या आषाढीला पूर्ण. नऊ हजारांवर थोड्या ओव्या भागिले ३६५. हिशेब चोख आहे, आयुष्यभर आपण तोच केलात. पण सुटलेल्या ओव्या, रिकामे मन, दुखरा अंगठा आणि पत्नीवर होणारा तो वसका, या चारही गोष्टी मला त्या एका आकड्यातून निघालेल्या दिसतात. ज्याला सहा वाजेपर्यंत पंचविसावी ओवी गाठायची आहे, त्याला सतरावी ओवी काय म्हणते याच्याशी कर्तव्य उरत नाही, आणि पावणेसहाला चहासाठी मारलेली हाक त्याला अडथळाच वाटणार.

नुसता हात चालतो, त्याला काही मोल आहे का, असे आपल्या पत्रात न विचारताही विचारलेले आहे. नामाच्या लेखनात मी असे म्हणेन की आहे. "श्रीराम जय राम जय जय राम" हा त्रयोदशाक्षरी मंत्र लिहून वह्याच्या वह्या भरणारी कितीतरी माणसे आपल्या आसपास आहेत. तिथे तेच तेच लिहायचे असते, मन भटकते, पुन्हा येते, आणि त्या येण्याजाण्यासकट तो जप असतो. ज्ञानेश्वरी हे नाम नव्हे. तिथे कोणी तरी आपल्याला काही समजावून सांगत आहे, शंका काढत आहे, मध्येच श्रोत्यांची विनवणी करत आहे. समोरचा बोलत असताना आपण त्याचे शब्द उतरवून घ्यावेत आणि तो काय बोलला ते कानावर येऊ देऊ नये, याला माझ्या मते साधना म्हणता येत नाही. आपण नेमके ज्या उंबरठ्यावर थांबला आहात तिथली पहिलीच ओवी पाहा, नवव्या अध्यायाची: "तरि अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे । हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका." एकलें अवधान. मागितले आहे ते एवढेच, आणि त्यात दिवसाला किती हे सांगितलेले नाही.

तेव्हा आकडा सोडा आणि वेळ ठेवा. तासाऐवजी चाळीस मिनिटे लिहा. त्यात जेवढ्या ओव्या होतील तेवढ्या. लिहिण्यापूर्वी ओवी एकदा मोठ्याने वाचा, मग ग्रंथावरून नजर काढून ती सबंध मनात धरा, आणि मनातून वहीत उतरवा. शंका आली तरच परत पाहा. अक्षर-अक्षर पाहून काढले तर ती चित्रकला होते. अर्थ न लागलेला शब्द वेगळ्या कागदावर टिपून ठेवा आणि संध्याकाळी सार्थ प्रतीत शोधा. या गतीने रोज दहा-बारा ओव्या होतील आणि उरलेल्या सहा हजार सातशेंना पावणेदोन वर्षे लागतील. एकटा अठरावा अध्याय अठराशे ओव्यांचा, म्हणजे ग्रंथाचा पाचवा हिस्सा आहे, हे आताच सांगून ठेवतो, म्हणजे तिथे पोहोचल्यावर धीर सुटणार नाही.

पत्नीची तक्रार मी शेवटी घेतली, कारण तिच्यावर सर्वांत जास्त विचार केला. साधनेच्या नावाखाली घरात एक माणूस पहाटे देवाशी बोलतो आणि त्यानंतर कोणाशीही धड बोलत नाही, हे चित्र मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि अशा घरात त्या साधनेविषयी कोणाच्या मनात प्रेम उरत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानदेव अहिंसेविषयी बोलताना सज्जनाच्या वाणीचे वर्णन करतात: "तैसें साच आणि मवाळ । मितलें आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे." काही महिन्यांनी ही ओवी आपण लिहाल. ती लिहीत असतानाच स्वयंपाकघरातून हाक आली तर काय कराल, याचा विचार आजच करून ठेवा. माझ्या मते हातातली ओवी पुरी करावी, लेखणी खाली ठेवावी आणि उठावे. ओवी कुठे जात नाही. तिचा क्रमांक आपण घातलेला आहे. वहिनींना इच्छा असेल तर, आणि इच्छा असेल तरच, आठवड्यातून एकदा ताडण्याच्या कामी त्यांची मदत मागा: त्यांनी छापील प्रतीतून मोठ्याने वाचायचे आणि आपण वहीवर बोट ठेवून पाहायचे. एकट्याने ताडताना डोळा जिथे लिहिताना घसरला तिथेच पुन्हा घसरतो. दुसऱ्याचा आवाज त्याला घसरू देत नाही.

अंगठ्याचे दुखणे जुनेच आहे. पोथ्यांच्या शेवटी नकलकार जे श्लोक लिहीत त्यांत एक असा: "भग्नपृष्ठकटिग्रीवा बद्धमुष्टिरधोमुखम् । कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत्." पाठ, कंबर, मान मोडली, मूठ आवळून आणि मान खाली घालून लिहिले, तेव्हा जपून ठेवा. आपण मात्र मूठ आवळू नये. बॉलपेन दाबून चालवावे लागते, शाईचे पेन नुसते टेकले तरी चालते, ते घ्या. मांडीवर वही ठेवण्याऐवजी आपल्याकडे पूर्वी हिशेबनिसांपुढे असे तसले उतरते मेज मिळाले तर पाहा. दर पंधरा मिनिटांनी हात मोकळा करा. एवढे करूनही महिन्याभरात बोटांना मुंग्या येणे किंवा दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस नुसते वाचा. त्यानेही नेम मोडत नाही.

वहीविषयी थोडे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास संपूर्ण लेखनावरच खर्च केला आहे, आणि त्यातली एक सूचना जणू गोव्याच्या पावसासाठीच लिहिली आहे: "भोंवतें स्थळ सोडून द्यावें । मधेंचि चमचमित ल्याहावें । कागद झडतांहि झडावें । नलगेचि अक्षर." चारी बाजूंनी भरपूर समास सोडावा, म्हणजे दमटपणाने आणि कसरीने कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आपल्या चौथ्या अध्यायाच्या पानावर आता समासाचे दुसरे महत्त्वही आपल्याला कळले आहे. शाई पाण्याने न पसरणारी घ्या; एका कागदावर लिहून, वाळवून, वर पाण्याचा थेंब टाकून पाहिले की कळते. वही प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. सुती रुमालात बांधा आणि आत वेखंडाचा तुकडा ठेवा. आता कार्तिकात हवा कोरडी होत आहे, तेव्हा जुन्या वह्या दोन-चार दिवस सावलीत उघडून वाऱ्यावर ठेवायला हरकत नाही.

ग्रंथ पूर्ण होईल तेव्हा शेवटच्या पानावर आपले नाव, गाव, तिथी आणि कोणत्या छापील प्रतीवरून लिहिले ते घालावे. पूर्वीचे लेखक तिथे आणखी एक श्लोक लिहीत: "यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते." जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्याकडे नाही. लेखा विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. आपण तो श्लोक घालू नये असे मात्र मला वाटते; त्याऐवजी "चौथ्या अध्यायातील अकरा ओव्या समासात पाहाव्या" एवढे सरळ लिहावे.

आणि अकरा ओव्यांना समास अपुरा पडला, तर वेगळ्या कागदाच्या पट्टीवर त्या लिहून पट्टी पानाच्या कडेला डकवा. त्यासाठी पिठाची खळ वापरू नका. पुढच्या पावसात तिच्यावर झुरळे येतील आणि ओव्यांसकट खातील.